सिमेंटचा महार

गोदीत चार दिवस बोट नव्हती. बोट नाही म्हणजे काम नाही, काम नाही म्हणजे हजेरी नाही. कंत्राटावरच्या माणसाला एवढाच हिशोब कळतो. म्हणून आजीला घेऊन गावी निघालो आणि वाटेत ते संग्रहालय पाहिलं. कोकणातलंच, समुद्राच्या अंगाचं. नाव सांगत नाही, कारण भांडण एका मालकाशी नाही. मुंबईत राणीच्या बागेतसुद्धा १८७२ पासून एक संग्रहालय आहे. साहेबाच्या काळात केलेल्या, इथल्या जातीधंद्यांच्या मातीच्या बाहुल्या तिथं अजून काचेत बसल्यात. खेळ जुनाच आहे.

तिकीट काढलं. आत अख्खं गाव. माडाखाली खोताचा वाडा, झोपाळा, पानाचा पितळी डबा. कोळी जाळं विणतोय, कोळीण टोपली घेऊन उभी. कुंभाराचं चाक, सुताराचा रंधा, न्हाव्याची धोकटी. माणसं सगळी सिमेंटची, वर रंग. आणि सगळी हसतायत. दोस्तांनो, सगळी! वेठीला धरलेला माणूस असा हसताना कोणी पाहिलाय काय?

सगळ्यात शेवटी, कुंपणाच्या कडेला, माझा पणजा. खांद्यावर घोंगडी, हातात घुंगुरकाठी. खाली पाटी : महार, गावाचा राखणदार. बस्स. मेलेलं ढोर कोणी ओढलं? सरकारी माणसाचं ओझं पुढच्या गावापर्यंत कोणी वाहिलं? खोताच्या अंगणात फुकट लाकडं कोणी फोडली? पाटीवर जागा कमी पडली असेल. मूर्ती करणारा मात्र इमानदार म्हणायचा. त्यानं पणज्याला गावाबाहेरच उभा केला.

मधोमध विहीर. रहाट, पोहरा, दोर, सगळं खरं. शहरातली पोरं पाणी ओढून फोटो काढत होती. गाईड आजीला म्हणाला, ''आजी, या ना, तुमचाही फोटो काढतो.'' आजी दहा हात लांब थांबली. ऐंशीला टेकलेली बाई, साठ वर्षं मुंबईच्या नळाचं पाणी पितेय, तरी पाय आपोआप थांबले. हळूच मला म्हणाली, ''आरं, पानी वाढनारं कोन न्हाय का हितं?''

हा एक सवाल त्या अख्ख्या संग्रहालयात नाही. याच कोकणात महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. बाबासाहेबांच्या मागं जाऊन ओंजळभर प्यालो, तर डोकी फोडली, तळं पंचगव्यानं शुद्ध करून घेतलं, आणि कोर्टकज्जा असा चालवला की हायकोर्टाचा निकाल लागायला मार्च १९३७ आला. एका घोटाला दहा वर्षं. आणि इथं पोहरा कोणाच्याही हातात, तिकिटाच्या पैशात!

खोताच्या वाड्यावर पाटी : गावाचा आधार. आधार कसला? कुळाच्या भातातला निम्मा वाटा उचलायचा, वर वेठ घ्यायची. अलिबागेकडं चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या मागं १९३३ ते १९३९ संप केला. सहा वर्षं जमीन पडीक ठेवली, उपास काढले. १९३७ मध्ये बाबासाहेबांनी खोती मोडायचं बिल आणलं, १० जानेवारी १९३८ ला कुळांचा मोर्चा कौन्सिलवर नेला. कायदा व्हायला १९४९ साल लागलं. संग्रहालयात नांगर आहे, झकास तेल पाजलेला. तो सहा वर्षं का थांबला होता, हे पोरांना कोण सांगणार?

काही पांढरपेशे मित्र म्हणतील, अरे, मग जुनं जपूच नये काय? जपा की! आजीच्या जात्यावरच्या ओव्या कोणी उतरवून घेतल्या तर मी त्याचे पाय धरीन. पण मग सगळं जपा. खोताचं खातं काचेत ठेवा. रावढळच्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८८८ मध्ये 'विटाळ विध्वंसन' लिहिलं, ते ठेवा. वरून पाणी वाढणारा हात ठेवा, खाली धरलेली ओंजळ ठेवा. आणि कोळ्याला सिमेंटचा करण्याआधी भाऊच्या धक्क्यावर जाऊन जिवंत कोळ्याला डिझेलचा भाव विचारा.

ह्यांच्या भाषेत हे 'हरवलेलं कोकण'. हरवलं नाही, साहेब. आम्ही ते टाकून आलो. माझा आजा आगबोटीत बसून मुंबईला आला आणि त्यानं गोदीत गोणी पाठीवर घेतली. मुकादम जात विचारायचा, गोणी विचारत नव्हती. एवढ्यावर तो जगला. त्याची पोरं शाळेत गेली, मी मॅट्रिक झालो, आणि आता तेच गाव तिकीट काढून बघतोय. उद्या गोदीतही बोटी यायच्या बंद झाल्या की कोणीतरी तिथं सिमेंटचा हमाल उभा करील. तोही हसत असेल.

बाहेर पडताना मॅनेजर भेटला. माणूस वाईट नव्हता, आजीला बसायला खुर्ची दिली. म्हणाला, ''तुमच्याकडं जुन्या वस्तू असल्या तर द्या, खाली तुमचं नाव लावू. घुंगुरकाठी खरी मिळत नाही हो, ही आम्ही करवून घेतलीय.''

आजी म्हणाली, ''आमची व्हती. धर्म घेतला त्या साली माज्या बानं चुलीत घातली. तिच्यावर भाकऱ्या केल्या आमी.''

मॅनेजरनं पेन खिशाला लावलं. आम्ही एस.टी. गाठली.