संपादकपदाला उभे राहताना

शाळेच्या विज्ञान-हस्तलिखिताचा संपादक निवडायचा म्हटले, की सुंदर अक्षर नाहीतर पहिला नंबर पाहून हात वर होतात. (उमेदवारही रंगीत मुखपृष्ठाचे आश्वासन देऊन मोकळे होतात!) मला हे पटत नाही. अक्षर काय, दुसरा कोणीही काढून देईल.

समजा, तुम्ही संपादक आहात. तुमच्या जिवलग मित्राने लेख दिला: ‘पृथ्वी सूर्याजवळ येते म्हणून उन्हाळा होतो.’ भाषा छान, आकृत्या सुबक. अंकात घ्याल? पृथ्वी सूर्याला सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या आरंभी, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरांवर; सर्वांत दूर जुलैच्या आरंभी, सुमारे १५.२ कोटींवर. जानेवारीत तर आपण स्वेटर शोधतो! ऋतू होतात ते पृथ्वीचा आस सुमारे २३.५ अंशांनी कललेला असल्यामुळे. हे मित्राला सांगून लेख परत करणे जमेल? आणि नजरचुकीने तो गेलाच, तर पुढच्या अंकात पहिल्या पानावर दुरुस्ती द्याल?

शिक्षकांनी मतदानापूर्वी असा एखादा लेख सर्व उमेदवारांपुढे ठेवून पाहावा. चूक सापडली नाही, तरी ‘ग्रंथालयात पडताळून उद्या सांगतो’ म्हणणाऱ्याला माझे मत.