आधी बलक टोचा!

हॉस्टेलच्या पॅन्ट्रीतला मायक्रोवेव्ह दिवसभर काय करतो? डब्यातली भाजी गरम, कालचा पिझ्झा गरम, दूध गरम. एवढं महागडं यंत्र आणि त्याला काम एकच. दुसरीकडे महिनाअखेर आलेली, मेसची वेळ टळलेली, पार्सल मागवायला पैसे नाहीत, म्हणून रात्री पुन्हा मॅगी. याच मायक्रोवेव्हमध्ये दीड-दोन मिनिटांत दोन अंड्यांचं गरमागरम ऑम्लेट होतं आणि त्यातून साधारण 12 ग्रॅम प्रोटीन मिळतं, हे मात्र कुणाला सुचत नाही.

सुचतं तेव्हा अनेकदा रील बघून सुचतं. आणि घोळ तिथेच होतो.

'मगमध्ये पाणी घ्या, अख्खं अंडं सोडा, मायक्रोवेव्ह लावा, उकडलेलं अंडं तयार!' असल्या 'हॅक'मध्ये कृती असते, पण कारण नसतं. मायक्रोवेव्हच्या लहरी अंड्यातल्या पाण्याला तापवतात. कवचाच्या आत वाफ कोंडते आणि अंडं फुटतं, इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. म्हणून काही जण हुशारी करतात. मेसमधून आणलेलं उकडलेलं अंडं सोलतात आणि मग गरम करायला ठेवतात. कवचच नाही, मग फुटेल कशाला?

तरीही फुटतं. 2017 साली अमेरिकेत ध्वनितज्ज्ञांच्या परिषदेत यावर चक्क एक प्रयोग मांडला गेला. उकडलेली अंडी मायक्रोवेव्हमध्ये पुन्हा गरम करून बाहेर काढली आणि टोचली. त्यातली काही फुटली. फूटभर अंतरावर आवाज मोजला, तो 86 ते 133 डेसिबल भरला. टोचलेल्या बलकाचं तापमान भोवतालच्या पाण्यापेक्षाही जास्त निघालं. त्यांचा अंदाज असा, की घट्ट झालेल्या बलकात पाण्याचे बारीक बारीक कप्पे अडकतात. ते उकळण्याच्या तापमानापलीकडे तापतात, पण उकळत नाहीत. काटा लागला, दात लागला, की सगळ्या पाण्याची एकदम वाफ होते.

म्हणजे धोका ओव्हन बंद झाल्यावर संपत नाही. अंडं शांतपणे ताटलीत येतं आणि तोंडाजवळ फुटतं. भाजणार तो चेहरा, भाजणार ते डोळे. 'सुपरहीटिंग' हा शब्द परीक्षेत दोन मार्कांना लिहायचा आणि पॅन्ट्रीत विसरायचा, हे काही बरोबर नाही.

एकदा कारण कळलं, की नियम पाठ करावे लागत नाहीत. अख्खं अंडं, कच्चं असो की उकडलेलं, मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचं नाही. उकडलेलं गार झालं असेल तर सोलून थोडा वेळ गरम पाण्यात ठेवा, नाहीतर मीठ-मिरपूड लावून तसंच खा. फोडलेल्या अंड्याचा बलक अख्खा ठेवायचा असेल, तर आधी टूथपिकने दोन-तीन ठिकाणी टोचा. त्याच्याभोवती पातळ पडदा असतो, तोही वाफ कोंडतो.

सगळ्यात सोपं म्हणजे फेटून टाका. चिनी मातीच्या मगला आतून तेलाचं बोट फिरवा. दोन अंडी, चमचाभर दूध, बारीक कांदा, मिरची, कोथिंबीर, मीठ. मग अर्धाच भरा, कारण मिश्रण फुगतं. तीस सेकंद लावा, ढवळा, पुन्हा तीस सेकंद, पुन्हा ढवळा. कच्चेपणा गेला की थांबा आणि मिनिटभर झाकून ठेवा, आतली उष्णता उरलेलं काम करते. स्टीलची वाटी, चमचा, फॉइल आत नको.

'मायक्रोवेव्हचं अंडं रबरासारखं लागतं' अशी तक्रार असते. ती खरी आहे, पण दोष घाईचा आहे. अंड्याचं पांढरं साधारण 62 अंशांपासूनच घट्ट व्हायला लागतं. तुम्ही सलग दोन मिनिटं फुल पॉवर दिली तर ते आक्रसणारच. पॉवर निम्मी करा, वेळ थोडा वाढवा, फरक लगेच कळेल.

आणखी एक गोष्ट. पॅन्ट्री एकट्याची नाही. तुमची रूममेट अंडं खात नसेल, तर तिला त्या वासात दूध गरम करावं लागू नये. अंड्याचा मग वेगळा ठेवा, काम झालं की आतून ओल्या फडक्याने पुसा. एकाने अंडं फोडून ओव्हन तसाच सोडला, की दुसऱ्या दिवशी 'अंडी आणण्यास सक्त मनाई' अशी नोटीस लागते. ती लावणाऱ्यांवर चिडण्याआधी आपण तिला कारण दिलं का, हेही बघा.

मुलगे हो, 'मला स्वयंपाक येत नाही' हे वाक्य आता ऐकायला गंमतीचं राहिलेलं नाही. मुलींनो, तुम्हालाही ते माफ नाही. घरापासून लांब राहायचं तर स्वतःच्या पोटाची थोडी तरी जबाबदारी स्वतःकडे हवी. सुरुवातीला सात-आठ रुपयांचं एक अंडं पुरे. फक्त कुणी 'असं करा' म्हणालं, की आधी विचारा, 'का?' रील बनवणारा त्याचं उत्तर देत नसेल, तर ते अंडं त्यालाच खाऊ द्या.