पत्रे जाळू नका

लोणारजवळच्या सुलतानपूर येथे एका ख्रिस्ती घरी आम्ही सांत्वनासाठी गेलो होतो. घरातील वृद्ध गृहस्थ निवर्तल्याला महिना झाला होता. आवराआवर चालू होती आणि परसात, पाणी तापवण्याच्या चुलीपाशी, पत्रांची तार पडली होती. खाली लाकडी चकती, वर आकडा, मध्ये टोचलेली पोस्टकार्डे आणि अंतर्देशीय पत्रे. आम्ही हात घालीपर्यंत निम्मी तार रिकामी झाली होती. “घरगुतीच पत्रं ती, त्यांत काय आहे?” असे उत्तर मिळाले. उरलेल्यांतले वरचेच कार्ड आम्ही वाचले. मुंबईस परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या मुलीने ‘प्रभूमध्ये सप्रेम सलाम’ लिहून वडिलांना विचारले होते की, नाताळला धर्मगुरू गावी येणार आहेत काय? येणार असतील तर ती रजा काढणार होती.

त्यांत काय आहे, या प्रश्नाला उत्तर देणे आम्हांस अगत्याचे वाटते. कारण हा प्रश्न एका घराचा नाही, तो आपल्या साऱ्या समाजाचा आहे.

इजिप्तमध्ये इसवी सन २३० नंतरच्या दशकात अरियानुस नावाच्या मनुष्याने पौलुस या आपल्या भावाला ग्रीक भाषेत पत्र लिहिले. नाईलकाठच्या लव्हाळ्याच्या गाभ्यापासून केलेल्या पपायरसवर ते लिहिलेले आहे. त्यात नातलगांची खुशाली आहे, गावच्या एका सार्वजनिक पदाची हकिकत आहे आणि माशांचा उत्तम अर्क पाठवण्याची विनंती आहे. शेवटी मात्र ‘प्रभूमध्ये’ क्षेम चिंतिले आहे. बाझेल विद्यापीठाच्या संग्रहात हे पत्र शतकभर पडून होते. ख्रिस्ती माणसाच्या हातचे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने खाजगी पत्र म्हणून २०१९ साली ते जगापुढे आले. भावाकडे माशांचा अर्क मागणाऱ्या त्या पत्रातही ‘त्यांत काय आहे’ असे कोणी तरी म्हणालेच असेल!

ऑक्सफर्डचे ग्रेनफेल आणि हंट यांनी १८९६ ते १९०७ या काळात ऑक्सिरिंखस, म्हणजे आजचे अल-बहनासा, येथील प्राचीन उकिरडे उपसले. तेथून पपायरसचे लाखो तुकडे निघाले. त्यांतील चौथ्या शतकातील एका चिठ्ठीत ‘प्रिय भगिनी’ला विनंती आहे की, तुला ‘लहान उत्पत्ती’ दिली होती, आता ‘एज्रा’ आम्हांस वाचावयास दे. त्या काळी ख्रिस्ती स्त्रियांच्या घरी ग्रंथ होते आणि त्यांची उसनवार चालत असे, हे कोणत्या धर्मपरिषदेच्या ठरावातून आपणांस कळले असते?

दुसरे पत्र कोप्रेस नावाच्या गृहस्थाचे, छळाच्या काळातील. न्यायालयात उभे राहणाऱ्यास देवतांना यज्ञार्पण करावे लागते, असे त्याला कळले. त्याने भावाच्या नावे मुखत्यारपत्र केले आणि तसे घरी कळवले. शेवटी ९९ हा आकडा घातला. ग्रीक अक्षरांच्या अंकमूल्यांनी ‘आमेन’ची बेरीज तेवढी होते. छळ म्हटला की आम्हांस रक्तसाक्षी आणि सिंह आठवतात. जमिनीचा दावा लढवताना श्रद्धा न मोडता वाट काढणारा साधा प्रापंचिक आठवत नाही. तो त्या चिठ्ठीमुळेच आपणांस भेटतो.

आपल्याकडे काय चालते? धर्मग्रामाचा महोत्सव आला की स्मरणिका निघते. तीत देणगीदारांची छायाचित्रे, शुभेच्छा आणि जाहिराती असतात. स्नानसंस्काराच्या नोंदवह्या आपण कुलुपात ठेवतो, ते योग्यच आहे. पण नोंदवही सांगते कोण जन्मले आणि कोण गेले. ते कसे जगले, हे पत्र सांगते. फादर स्टीफन्स यांनी गोव्याहून १५७९ साली वडिलांना लिहिलेले पत्र छापले गेले म्हणून त्या सागरप्रवासाची हकिकत आपण वाचू शकतो. पंडिता रमाबाईंची पत्रे सिस्टर जेराल्डीन यांनी जपली आणि १९७७ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. म्हणूनच धर्ममतांच्या बाबतीत आपल्या गुरुजनांशीही निर्भयपणे वाद घालणाऱ्या रमाबाई आपणांस दिसतात. आणि संत पौलाचे फिलेमोनला लिहिलेले पत्र? पळालेल्या एका दासाला परत स्वीकारावे, ही एका घरापुरती विनंती. ख्रिस्तसभेने ती पवित्र शास्त्रात घेतली. ‘घरगुती’ हा शब्द तिने तुच्छ मानला नाही.

पत्रांत घरची भांडणे असतात, कर्जे असतात, ती परक्यांनी का वाचावीत, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे आणि त्याचा मान राखलाच पाहिजे. पण त्यावर उपाय कुलूप आहे, काडी नव्हे. पन्नास वर्षे कोणी उघडू नये, असे गाठोड्यावर लिहून ठेवावे. मृतांची अब्रूही राहील आणि त्यांचा आवाजही राहील.

‘इजिप्तमध्ये टाकलेलेही टिकले ना?’ असे म्हणून कोणी निश्चिंत होऊ नये. उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते म्हणतात; ऑक्सिरिंखसच्या उकिरड्याची दैना फिटण्यास दीड हजारांहून अधिक वर्षे लागली आणि तोवर कोरड्या वाळूने राखण केली. वऱ्हाडात वाळू नाही. येथे पावसाळा आहे, वाळवी आहे, आणि आपल्या उकिरड्याचे खत होऊन शेतात जाते. येथे जे माणूस जपणार नाही, ते कोणीच जपणार नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक घराने पत्रे तारेवरून उतरवावीत, कारण तार गंजते आणि कागद खाते. कोणी कोणास लिहिले, हे जाणते माणूस हयात आहे तोवर टिपून घ्यावे. सुती कापडात बांधून कोरड्या जागी ठेवावे. प्रत्येक धर्मग्रामाने त्यासाठी एक पेटी राखावी. आज मोबाइलवर आलेला निरोप उद्या पुसला जातो. हाताने लिहिलेली ही बहुधा आपली शेवटचीच पिढी.

सुलतानपूरच्या त्या चुलीपासून वाचलेली पत्रे आम्ही घरच्यांच्याच स्वाधीन केली. धर्मगुरू त्या नाताळला आले की नाही, हे आम्हांस कळले नाही. ते उत्तर जळालेल्या निम्म्यात असावे.