हमीचा उजेड

गेल्या काही वर्षांत आपल्या बेळगाव-निपाणीकडील सुखवस्तू घरांतून एक नवी टूम निघाली आहे. पूर्वी मुलगा परदेशी स्थिरावला की आई-वडिलांना नायगारा दाखवी, फार तर आल्प्समधील बर्फ. आता तो ध्रुवीय प्रकाश दाखवितो. भर हिवाळ्यात नॉर्वेतील ट्रॉम्सो किंवा फिनलंडमधील रोव्हानिएमी गाठावयाचे, सायंकाळी कुत्र्यांच्या घसरगाडीत बसून बर्फावरून एक फेरी मारावयाची, शेकोटीशी गरम सूप प्यावयाचे आणि वाटाड्याने बोट दाखविले की मान वर करून आकाशाकडे पाहावयाचे, असा हा एका संध्याकाळचा आखीव कार्यक्रम. मंडळी परतली की हिरव्या आकाशाची छायाचित्रे घरोघर फिरतात आणि पुढल्या हिवाळ्यासाठी आणखी दोन-चार जोडपी पैसे भरतात.

जाणाऱ्यांविषयी मला असूया नाही. हयातभर पै-पैचा हिशोब ठेवलेल्या माणसाने उतारवयात दूरदेशी जावे आणि तोंडात बोट घालावे, यात वावगे ते काय? माझे भांडण आहे ते या व्यवहारातील एका शब्दाशी, आणि तो शब्द म्हणजे हमी. ‘प्रकाश दिसेलच’ असे सांगून जो धंदा चालतो, तो मुळात ज्या वस्तूची विक्री करतो ती त्याच्या ताब्यात नसते.

हा प्रकाश उत्पन्न होतो तो असा. सूर्यापासून सुटलेले विद्युत्भारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात सापडतात आणि ध्रुवांभोवतीच्या कड्यात वातावरणावर येऊन आदळतात. शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवरचा ऑक्सिजन हिरवा उजळतो, त्याहून बराच वरचा तांबडा, आणि नायट्रोजनमुळे निळसर-जांभळ्या कडा दिसतात. सूर्याच्या या उसळीला सुमारे अकरा वर्षांचे चक्र आहे. अलीकडचा भर २०२४ च्या सुमारास होता. त्या वर्षी १० व ११ मेच्या रात्री असे सौरवादळ आले की लडाखमधील हानले येथील वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनीही क्षितिजावर तांबडी झाक टिपली. तेथे ना कोणी तिकीट काढले होते, ना घसरगाडी होती. उलट ट्रॉम्सोला आठवडाभर राहूनही ढग हटले नाहीत तर काहीच दिसत नाही. सूर्य, वारा आणि ढग या तिघांपैकी एकाचीही सही ज्या करारावर नाही, त्याला हमी म्हणणे ही शुद्ध धूळफेक आहे.

दुसरी गोष्ट याहून अवघड, कारण ती आपल्याच लोकांविषयी आहे. मंद उजेडात माणसाच्या डोळ्याला रंग नीट कळत नाहीत. प्रकाश जोरात असेल त्या रात्री हिरवा पडदा खरोखरच हलताना दिसतो. पण एरवी जे दिसते ते फिकट, करडे, पांढुरक्या ढगासारखे. रंग भरतो तो कॅमेरा, कारण तो कित्येक सेकंद डोळा उघडा ठेवतो. जाऊन आलेल्या तिघा-चौघांनी मला हे खाजगीत सांगितले. सभेत मात्र कोणी सांगत नाही. काही लाख रुपये मोजून ‘ढगासारखे काही तरी पाहिले’ असे कोण म्हणणार? आपल्या मराठी प्रवासवर्णनाची जुनी खोड अशी की जे दिसले त्याऐवजी जे दिसावयास हवे होते ते लिहावयाचे. त्या फिकट ढगाचे प्रामाणिक वर्णन कोणी या अंकाकडे पाठविले, तर मी ते दोनदा वाचीन.

उत्तर ध्रुवाशी आपला, म्हणजे मराठी माणसाचा, संबंध काही आजचा नव्हे. लोकमान्यांनी १९०३ साली ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ प्रसिद्ध केले. ऋग्वेदातील उषेची सूक्ते वाचून, इतके दिवस लांबणारी पहाट ध्रुवाजवळच संभवते, असे त्यांनी मांडले. त्यांचा निष्कर्ष आजचे विद्वान मानीत नाहीत आणि मानण्याचे कारणही नाही. परंतु ज्यांनी १९१६ साली याच बेळगावात होमरूल लीगची स्थापना केली, त्या पुरुषाने न पाहिलेल्या एका पहाटेसाठी वर्षानुवर्षे ग्रंथांत डोळे घातले. आपण तेथे प्रत्यक्ष जातो आणि वाटाडा बोट दाखवीपर्यंत मानही वर करीत नाही.

कुत्र्यांबद्दल थोडे. घसरगाडी ही त्या प्रदेशाची पुरातन परंपरा, असे मोठ्या भक्तिभावाने सांगण्यात येते. वास्तविक उत्तर नॉर्वे-फिनलंडचे सामी लोक रेनडिअर पाळणारे. कुत्र्यांची गाडी ही ग्रीनलंड, सैबेरिया, अलास्का यांची. तेथील आजचा कुत्र्यांचा ताफा मुख्यत्वे पर्यटकांसाठी आणलेला. ही कुत्री धावण्यासाठी उतावीळ असतात हे खरे, आणि १९२५ साली अलास्कातील नोम गावाला घटसर्पावरील प्रतिविष त्यांनीच पोहोचविले, हेही खरे. पण धंद्यात उतरलेल्या जनावराचे मोल गिऱ्हाइकावर ठरते. कॅनडातील व्हिस्लर येथे २०१० चे हिवाळी ऑलिंपिक आटोपून मागणी ओसरली, तेव्हा पन्नासहून अधिक गाडीची कुत्री मारून पुरण्यात आली. आपल्याकडे बैलगाडी शर्यतीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बंदी घातली, आणि राज्यांनी दुरुस्त केलेले कायदे मे २०२३ मध्ये ग्राह्य धरले. त्या नऊ वर्षांत चिकोडी-निपाणीकडील शेतकऱ्याला ‘क्रूर’ म्हणणारे काही सद्गृहस्थ मला ठाऊक आहेत. तेच घसरगाडीत बसून काढलेले छायाचित्र दिवाणखान्यात लावतात. बैलाच्या बाजूने बोलावयाचे तर बोला. पण मग कुत्र्याच्या गळ्यातील साखळीचीही चौकशी करा.

असो. हे सारे फार दूरचे. ते वाचून कोणी म्हणेल, नॉर्वेचे नॉर्वेकर पाहून घेतील. मी लेखणी उचलली ती त्यासाठी नव्हे. तोच साचा आता आपल्या दारात आला आहे.

निपाणीहून देवगडकडे जाणारा राज्यमार्ग मुदाळतिट्ट्यावरून राधानगरीस जातो आणि दाजीपूरच्या जंगलातून फोंडा घाट उतरतो. राधानगरी हे १९५८ सालापासूनचे गव्यांचे अभयारण्य. २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याचा समावेश झाला. रोहिणी सरता सरता, मृगाच्या तोंडावर या जंगलात काजवे येतात. हिरडा, जांभूळ, आंबा अशा झाडांवर हजारोंनी बसतात आणि एकाच लयीत उघडझाप करतात. झाड श्वास घेत आहे असे वाटते. हा सोहळा जेमतेम तीन आठवड्यांचा. जोराचा पाऊस लागला की संपला. बेळगावकरांना आंबोलीच्या बाजूसही हेच दिसते. नगर जिल्ह्यातील भंडारदऱ्यास काजवा महोत्सव सुरू झाला आणि तेथे मुंबई-पुण्याच्या मोटारींच्या रांगा लागू लागल्या, तेव्हापासून आमच्याकडील उत्साही मंडळींनाही जाग आली आहे.

दोन वर्षांपूर्वी अशा एका मार्गदर्शित संध्याकाळी मी गेलो होतो. आयोजकांचे नाव घेण्याचे कारण नाही. जेवणासह माणशी रक्कम, आणि वर आश्वासन: काजवे न दिसल्यास निम्मे पैसे परत. म्हणजे येथेही हमी! तीन बसगाड्या दिवे लावून जंगलाच्या कडेला उभ्या राहिल्या. प्रत्येकाच्या हाती भ्रमणध्वनीची बत्ती. मार्गदर्शक ध्वनिक्षेपकावरून ‘डावीकडे पाहा, आता उजवीकडे पाहा’ असे सांगत होता. ज्या झाडावर उजेड पडला ते झाड विझले, तेव्हा एका गृहस्थाने फांदी हलवून पाहिली. एका मुलाने बाटलीत दहा-बारा काजवे भरले आणि त्याच्या आईने त्याचे कौतुक केले. परतीच्या वाटेवर बसमध्ये तक्रार अशी की जाहिरातीतल्यासारखे दिसले नाही.

दिसेल कसे? काजव्याचा उजेड ही रोषणाई नव्हे, ती लग्नाची बोलणी आहेत. नर उडत उडत खूण करतो. पुष्कळ जातींत मादी जमिनीलगत, गवतावर बसून उत्तर देते. त्याच्या पोटातील ल्युसिफेरीन नावाचे द्रव्य ऑक्सिजनशी संयोग पावते आणि जवळजवळ उष्णतेविना प्रकाश देते. इतक्या क्षीण दिव्यासमोर मोटारीचा झोत पडला की खूण दिसत नाही आणि जोडी जुळत नाही. प्रौढ काजव्याचे आयुष्य काही आठवड्यांचे, त्यातील एक रात्र आपण खातो. आणि गवतात उतरून छायाचित्र घेणाऱ्याच्या बुटाखाली जी चिरडते ती पुढल्या वर्षीच्या काजव्यांची आई असते. डोळ्यांपुढे काजवे चमकणे हा वाक्प्रचार उद्याच्या मुलांना समजावून सांगावा लागेल, आणि तेव्हा दाखविण्यास काजवा मिळणार नाही.

यावर ठरलेले उत्तर येते: गावकऱ्यांना रोजगार मिळतो. सरकारी नोकरीत असल्या समर्थनांच्या पुष्कळ फायली मी पाहिल्या आहेत. ‘स्थानिकांचा विकास’ हे शब्द जीत नाहीत अशी टिप्पणी क्वचितच वर जाई. रोजगार मिळू नये असे मी म्हणत नाही. मिळतो कोणाला, एवढेच विचारतो. बस शहरातली, आचारी शहरातला, पैसे आगाऊ भरलेले. गावकऱ्याच्या वाट्याला येतात पत्रावळी आणि प्लास्टिकच्या बाटल्या. आंबोलीच्या धबधब्याखाली श्रावणातील एखाद्या रविवारी उभे राहावे, म्हणजे विकासाचा हा अर्थ नाकाला कळतो.

दुसरा मार्ग आहे आणि तो देशातच आहे. हानलेस २०२२ मध्ये अंधाराचे राखीव क्षेत्र जाहीर झाले, तेव्हा तेथील गावकऱ्यांनाच दुर्बिणी देऊन आकाश दाखविण्यास शिकविले गेले. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले अंधारे आकाश उद्यान म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी आसपासच्या गावांतील रस्त्यांवरचे दिवे खाली तोंड करणारे बसविले. दोन्ही ठिकाणी विकले जाते ते गावकऱ्याचे ज्ञान, आणि अंधार राखणे हे त्याच्या पोटाशी बांधलेले आहे.

राधानगरीसाठी मागणी अवघड नाही. त्या तीन आठवड्यांत सूर्यास्तानंतर खाजगी वाहने जंगलाच्या वेशीबाहेर थांबावीत. आत चालत, गावातल्या माणसाबरोबर, मोजक्या संख्येने जावे. बत्त्या आणि ध्वनिक्षेपक वेशीवरच जमा करावेत. ‘महोत्सव’ हा शब्द काढून टाकावा. आणि न दिसल्यास पैसे परत, ही अट कोणी छापील तर त्याचा परवाना रद्द व्हावा. जंगल महाराष्ट्राचे, आम्ही कर्नाटकात, आमचे कोण ऐकणार, असे कोणी म्हणेल. महाजन अहवाल काजव्यांनी वाचलेला नाही. त्या रस्त्याच्या एका टोकाला निपाणी आहे आणि गर्दीतला मोठा हिस्सा आपल्याच गावांतून जातो, तेव्हा कोल्हापूरच्या वनखात्याकडे अर्ज करण्याचा आपला हक्क पुरेसा आहे.

अर्ज मराठीतच असावा. मसुदा मी तयार केला आहे. सह्या करू इच्छिणाऱ्यांनी तो मंडळाच्या वाचनालयात पाहावा. मात्र सही करणाऱ्याने येत्या मे महिन्यात आपल्या मंगल कार्यालयाच्या गच्चीवरून आकाशात फिरणारा झोतदिवा लावू नये, अशी एक अट मी तळटीप म्हणून घातली आहे. तिच्यावरून आतापर्यंत दोघांनी सही नाकारली.