‘कट्’ आवाज आणि भिंतीवरच्या खुणा

खांदा धरल्याचं आपल्याला सगळ्यात आधी कळतं ते मागचा हुक लावताना. हात पाठीमागे नेला की अशी कळ येते की डोळ्यांत पाणीच उभं राहतं. मग आपण काय करतो? हुक पुढे लावून कपडा फिरवून घेतो. अंबाडा घालता येत नाही, म्हणून केसांना क्लिप लावतो. वरच्या फळीवरचा साखरेचा डबा एक दिवस हळूच खालच्या फळीवर येतो. यात दोन-तीन महिने निघून जातात आणि एवढ्या काळात ‘माझा खांदा दुखतोय’ हे वाक्य आपण घरात फार तर दोनदा बोललेलो असतो.

माझं अगदी असंच झालं. वय पन्नास, खांदा उजवा. रात्री त्या कुशीवर वळलं की जाग यायची. सासूबाईंनी सांगितलं, तेल जिरवून शेक. शेजारच्या काकू म्हणाल्या, चमक भरली असेल, कुणी पायाळू माणूस बघ आणि पाय लावून घे. गावी असते तर हाडवैद्याकडे गेले असते. पण आम्ही राहतो रावेतला. पुण्याहून मुंबईच्या एक्स्प्रेस हायवेला लागण्याआधी, पवनेच्या काठी. पिंपरी-चिंचवड शहराला पिण्याचं पाणी जातं ते इथल्याच बंधाऱ्यावरून उपसून. बाकी गाव आता नावालाच गाव, सगळीकडे टॉवर. कुणी चाकणच्या कंपनीत लायनीवर उभं, कुणी हिंजवडीला कॉम्प्युटरसमोर बसलेलं. त्यामुळे मान, कंबर, खांदा यांच्या तक्रारी लिफ्टमध्येसुद्धा ऐकायला मिळतात. आणि लिफ्टमध्येच मला एकीनं सांगितलं, ‘‘अहो, कायरोप्रॅक्टिकवाल्याकडे जा. एका झटक्यात मोकळं करतात.’’

हे व्हिडिओ तुम्हीही मोबाइलवर पाहिले असतील. माणूस पालथा झोपलेला, वर दोन हात, एक झटका आणि ‘कट्’! उठलेला माणूस हसत बाहेर. मलाही ते पाहून फार बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

गेले. पाठ दाबली, मणक्यांवर झटके दिले, मग मान हातात धरली आणि काही कळायच्या आत फिरवली. कट्. क्षणभर पोटात गोळा आला, पण उठले तेव्हा खरंच हलकं वाटलं. दोन दिवस झोपही लागली. तिसऱ्या दिवशी हुक पुन्हा पुढूनच. तोवर दहा बैठकांचं पॅकेज घेऊन झालं होतं. खांद्याला मात्र चार बैठकांत कुणी नीट हलवून पाहिलं नव्हतं. लक्ष सगळं पाठीवर आणि मानेवर.

आता त्या माणसाला नावं ठेवायची नाहीत मला. हातांनी केलेल्या उपचारानं आराम पडतो, आखडलेले स्नायू सैल होतात, हे खरंच आहे. अमेरिकेत हे रीतसर शास्त्र म्हणून शिकवलं जातं. 1895 साली आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट गावी डॅनियल पामर नावाच्या गृहस्थांनी ते सुरू केलं. तिथे त्याची पदवी आहे, परवाना आहे. आपल्याकडे मात्र कायरोप्रॅक्टिकसाठी वेगळी परिषद नाही की नोंदणी नाही. म्हणजे पाटी कुणीही लावू शकतं. फिजिओथेरपीचं तसं नाही. साडेचार-पाच वर्षांची पदवी आणि राज्याच्या परिषदेकडे नोंदणी लागते. दारात शिरताना ‘तुमचा नोंदणी क्रमांक काय?’ असं विचारायला आपल्याला लाज वाटते. साडीचा रंग जाईल का हे मात्र आपण चारदा विचारतो!

आणि तो आवाज? मला वाटायचं, सरकलेलं हाड जागेवर बसल्याचा तो आवाज. तसं काही नसतं. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो, सांधा ताणला की त्यात वायूची पोकळी होते आणि आवाज येतो. कॅनडातल्या संशोधकांनी 2015 मध्ये बोटाचा सांधा ओढताना त्याचा एमआरआय काढून हे दाखवलं. बोटं मोडताना येतो तोच आवाज. त्यानं काही दुरुस्त झालं असं समजायचं कारण नाही. उलट मानेला जोरात झटका दिल्यानं मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं आहेत. क्वचित होतं, पण होतं. पाळी गेल्यानंतर आपली हाडंही ठिसूळ होत असतात. तेव्हा मानेचा झटका नको म्हणायचं. पैसे भरलेले असले तरी.

शेवटी हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी एकच केलं. मला हात सैल सोडायला सांगितला आणि स्वतः तो उचलून पाहिला. त्यांच्या हातानंही तो खांद्याच्या वर जाईना. म्हणाले, ‘‘फ्रोझन शोल्डर. सांध्याभोवतीची पिशवी आखडलीय. चाळिशी ते साठीच्या बायकांमध्ये फार बघतो आम्ही. साखर तपासलीय का?’’ मधुमेह असलेल्यांना हे दुखणं जास्त होतं, थायरॉइडवाल्यांनाही. माझी साखर काठावर निघाली.

हे नाव बॉस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन या डॉक्टरांनी 1934 मध्ये दिलं. जपानी लोक तर त्याला सरळ ‘पन्नाशीचा खांदा’च म्हणतात. इतकं ते नेहमीचं आहे! आधी नुसतं दुखतं, मग दुखणं कमी होऊन सांधा घट्ट होतो, मग हळूहळू सुटतो. या सगळ्याला वर्ष लागतं, कधी दोन, कधी तीन. काहींना थोडा कडकपणा राहतोही. सुरुवातीला फारच दुखत असेल तर सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. त्याचा उपयोग होतो, मात्र मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर वाढते, तेवढं लक्षात ठेवायचं. प्रत्येक खांदादुखी फ्रोझन शोल्डर नसते हेही खरं. पडल्यावर हात उचलता येईना, खांद्याबरोबर ताप आला, डाव्या खांद्याबरोबर छाती भरून घाम फुटला, तर शेकत बसायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा.

मला मिळाले व्यायाम. निरोप्या हातानं ओट्याला धरून पुढे वाकायचं, दुखरा हात घड्याळाच्या लंबकासारखा सैल सोडायचा आणि अंगाच्या झोक्यानं हलू द्यायचा. हाही कॉडमनसाहेबांचाच. मग उताणं झोपून कोपर अंगाला चिकटवायचं आणि काठीनं हात बाहेरच्या बाजूला ढकलायचा. ओढणी पाठीमागून घेऊन चांगल्या हातानं वर ओढायची. आणि भिंतीसमोर उभं राहून बोटं पालीसारखी वर चालवायची. आधी दहा मिनिटं गरम पाण्याची पिशवी. ताण जाणवला पाहिजे, पण ते दुखणं रात्रीपर्यंत रेंगाळलं तर दुसऱ्या दिवशी कमी करायचं. किती आणि केव्हा, हे फिजिओथेरपिस्टनं खांदा पाहून ठरवायचं. माझं वाचून तुम्ही नका ठरवू.

हे दिवसातून तीनदा, सात-आठ महिने.

खरी गोष्ट इथे सुरू होते. दहा बैठकांचे पैसे घरातून बिनबोभाट निघाले होते. पण दिवसातून तीनदा वीस मिनिटं काही निघेनात! सकाळी वाकून हात हलवायला लागले की ‘‘अगं, डबा?’’ दुपारी सासूबाईंचा चहा. रात्री उताणी झोपले की मुलगा म्हणणार, ‘‘आई, झोपलीस? माझा शर्ट...’’ कुणी वाईट नव्हतं हो. माझ्या औषधाच्या गोळ्या हेच लोक आठवणीनं आणत. पण गोळी गिळायला अर्धा मिनिट लागतो. व्यायामाला मात्र त्यांना माझ्याशिवाय वीस मिनिटं काढावी लागतात. ‘कट्’ आवाजाची भूल पडते ती म्हणूनच, असं माझं मत झालंय. तो घरातल्या कुणाकडे काही मागत नाही. पोळ्या वेळेवर होतात, डबे वेळेवर जातात आणि बाईवर उपचार झाल्याचं समाधानही मिळतं. महिनाभरानं सुनेचा खांदा तसाच असला की मग ‘एवढं केलं तरी हिचं दुखणं काही जात नाही’ हे आहेच.

आम्हा शिकल्या-सवरल्या बायकांचाही यात दोष आहे. मी स्वतःच व्यायाम अर्धवट सोडून कुकरकडे धावले आहे, कुणी हाक मारलेली नसताना.

आमच्याकडे पोळ्या करायला येतात त्या ताई लातूरकडच्या. एक दिवस त्या डाव्या हातानं लाटणं फिरवायला लागल्या तेव्हा माझ्या लक्षात आलं. विचारलं तर म्हणाल्या, ‘‘हात वरच जाईना ताई, दिवाळीपासून. आता सांगायचं कुनाला?’’ पाच घरच्या पोळ्या, शिवाय घरचं पाणी. 2019 च्या नोव्हेंबरात शहरात दिवसाआड पाणी यायला लागलं तेव्हापासून पिंपं, बादल्या भरून ठेवायची सवय लागलेली. बंधारा इथेच, पायाखाली. पण भरलेली बादली उचलायची ती ह्याच खांद्यानं.

त्यांना मी पिंपरीला वायसीएमला, म्हणजे महापालिकेच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयात पाठवलं. साखर तपासली तर उपाशीपोटी दोनशेच्या वर! कधीपासून असेल कोण जाणे. खांदा दुखला नसता तर कळलंही नसतं. तुमच्याही जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपीचा विभाग बहुधा असेल. तिथे खर्च फार नाही, खर्च होतो तो दिवसाचा. ताई रुग्णालयात गेल्या की दोन घरी खाडा लागायचा. त्यातलं एक घर पैसे कापायचं. आणि आधी कबूल करते, पहिल्या महिन्यात माझ्याही तोंडून ‘‘आज परत का?’’ असं निघालं होतं. मी, जी घरच्यांवर याच कारणासाठी रुसून बसले होते!

कंपनीत जाणाऱ्या बायकांचं तरी काय वेगळं आहे? ईएसआयचं कार्ड असेल तर आजारपणात पगाराच्या सत्तर टक्के मिळतात, वर्षातून 91 दिवसांपर्यंत. पण या खांद्याला दीर्घ रजा नको असते. त्याला रोज थोडा थोडा वेळ हवा असतो, शिफ्टमध्येच, आणि काही महिने हात डोक्यावर न्यावा लागणार नाही असं काम. ते सुपरवायझरकडे मागायचं कसं? घरी नवऱ्याकडे मागायची सवय नसते, तर तिथे कुठून येणार? आणि ज्यांच्या हातात वेळ देणं असतं, ते आपल्याकडे बघून ‘दिसायला तर ठणठणीत आहे’ म्हणतात. प्लास्टर नाही, पट्टी नाही. दुखतं ते दिसत नाही.

आमच्या घरात मी शेवटी एक केलं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर, फ्रीजशेजारी, बोटं जिथपर्यंत पोचतील तिथे पेन्सिलीनं खूण करायला लागले. मुलं लहान असताना उंचीच्या खुणा करायचो ना, तशा. शेजारी तारीख. पहिल्या महिन्यात खुणा एकमेकींवरच बसल्या होत्या. मग सव्वा बोट, मग दोन बोटं. गंमत म्हणजे खूण दिसायला लागल्यावर घरातले विचारायला लागले. ‘‘आज किती?’’ मुलगा आता स्वतःच पेन्सिल घेऊन उभा राहतो आणि तेवढा वेळ डब्याचं नाव काढत नाही. सासूबाईंनी चहा स्वतः करून घ्यायला सुरुवात केली, वर म्हणाल्या, ‘‘माझाही खांदा असाच गेला होता गं. तेव्हा कुणी खुणा केल्या नाहीत.’’ त्यांचा उजवा हात अजूनही पूर्ण वर जात नाही. वीस वर्षं त्यांच्याबरोबर राहून मला हे ठाऊक नव्हतं.

ताई अकरा वाजता येतात. कणीक मळून झाकून ठेवली की ती मुरेपर्यंत भिंतीसमोर उभ्या राहतात. त्यांच्या खुणा निळ्या बॉलपेनच्या, माझ्या पेन्सिलीच्या शेजारी. त्या माझ्यापेक्षा चांगल्या चार बोटं बुटक्या, त्यामुळे बरोबरी करण्यात काही अर्थ नाही, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. परवा त्या टाचा उंच करून उभ्या राहिलेल्या मी पाहिलं.