दुधावरची साय जपणारे हात

दुधापेक्षा दुधावरची साय अधिक प्रिय, असं आपल्याकडे म्हणतात. नातवंड मांडीवर आलं की प्रत्येक आजी हे एकदा तरी बोलून दाखवते, आणि आपणही हसून मान डोलावतो. पण मैत्रिणींनो, या मायेवर आज किती घरं उभी आहेत, याचा हिशेब आपण कधी मांडलाय का?

जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एक निकाल दिला. अहमदाबादचा जेमतेम सहा वर्षांचा मुलगा. २०२१ च्या करोना लाटेत महिन्याभराच्या अंतरानं त्याचे आई-वडील दोघंही गेले. मूल कुणाकडे राहणार? गुजरात उच्च न्यायालयानं त्याला मावशीकडे सोपवलं होतं. मावशीला सरकारी नोकरी, वय कमी, घरात माणसं भरपूर. वडिलांचे आई-वडील मात्र वयस्कर आणि पेन्शनवर जगणारे. सर्वोच्च न्यायालयानं हा निर्णय फिरवला आणि मूल आजी-आजोबांना दिलं. केवळ वय आणि मिळकत यांवरून मायेचं माप काढता येत नाही, नातवंडाशी आजी-आजोबांचा जीव अधिक जडलेला असतो, असा त्याचा आशय होता.

निकाल वाचून बरं वाटलं. पण जी आजी कोर्टाची पायरी कधीच चढणार नाही, तिचं काय?

आमच्या बीड जिल्ह्यात अशा आज्या गावोगावी आहेत. दसरा-दिवाळी आली की ऊसतोडीला जाणाऱ्यांचे ट्रक आणि ट्रॅक्टर भरू लागतात. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी थेट कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत माघारी येता येत नाही. मुलांना सोबत न्यावं तर ती फडावरच्या कोपीत वाढणार, शाळा बुडणार. मग त्यांना ठेवायचं कुणाकडे? आजीकडेच! पुढचे पाच-सहा महिने तीच आई, तीच बाप.

बचत गटाच्या कामानिमित्त मी या घरांतून फिरते. साठी ओलांडलेली एक आजी तीन नातवंडं सांभाळून दिवसा खुरपणीला जाते. मी म्हटलं, "आजी, झेपतं का हो?" तर म्हणाली, "न झेपून कुणाला सांगू, बाई? माझं काय, मी पिकलं पान. पर ही कोवळी पोरं फडात कशी धाडू? तिथं उघडे कोयते, रातीचे ट्रॅक्टर."

या मायेला एक हळवी बाजूही आहे. हंगाम संपवून आई घरी येते, आणि दोन वर्षांचं लेकरू तिच्याकडे न जाता आजीच्या निऱ्यांत तोंड लपवतं. त्या आईच्या काळजाचं काय होत असेल! मग "तुम्हीच त्याला माझ्यापासून तोडलंत" असा शब्द निघतो आणि सासू-सुनेत उगीच अढी बसते. खरं तर यात दोष ना आजीचा, ना आईचा. जो हात रोज भरवतो, रात्री ताप आला की कपाळावर फिरतो, त्यालाच मूल घट्ट धरून ठेवतं. एका समजूतदार आजीनं यावर छान तोड काढलीय. रोज रात्री जेवणाआधी ती मोबाइल लावते आणि नातवाला म्हणते, "आईला इचार, जेवलीस का?" एवढ्यानंही धागा तुटत नाही.

मात्र सगळाच भार आजीच्या मायेवर टाकून आपण मोकळे झालोय, हे मला खुपतं. नात तेरा-चौदाची झाली की हीच आजी घाबरते. "वयात आलेली पोर मी एकटी कशी राखू?" हा तिचा सवाल. मग घाईघाईनं तिचं लग्न उरकलं जातं. बालविवाहाविरुद्ध आपण भाषणं देतो, पण तो ठरतो या भीतीतून. तिथं आजीला उपदेश नको, आधार हवा.

कागदावर तर ती कुणीच नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार नैसर्गिक पालक आधी वडील, नंतर आई. आई-वडील दोघंही नसतील तरी आजी आपोआप कायदेशीर पालक होत नाही, १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली तिला न्यायालयात अर्ज करावा लागतो. ज्यांचे आई-वडील किंवा दोघांपैकी एक गेलेत, अशा मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. २०२३ पासून तिची रक्कम दरमहा २,२५० रुपये झाली. तिचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे करायचा असतो. पण हे त्या आजीला सांगणार कोण?

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची सोय आहे. दोन वेळचं जेवण तिथं आणि रात्री आजीजवळ, असं पुष्कळ गावांत चालतं. माझ्या मते हा सगळ्यांत शहाणपणाचा मार्ग, कारण आजीचा चुलीचा भार उतरतो आणि मुलाची कूसही सुटत नाही. पण वसतिगृह ट्रक निघण्याआधी सुरू झालं तरच त्याचा उपयोग. महिना उलटल्यावर सुरू झालं तर तोवर मूल फडावर पोचलेलं असतं! २०२१ मध्ये शासनानं ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची संत भगवानबाबा योजनाही जाहीर केली. मोठ्या मुलींसाठी अशी सुरक्षित जागा किती गरजेची आहे, हे वेगळं सांगायला नको.

आपल्याला काय करता येईल? आपल्या गल्लीत, गावात नातवंडं घेऊन मागं राहिलेली आजी कोण, एवढं आधी शोधू या. शाळा व्यवस्थापन समितीत बायका असतात, त्यांनी दसऱ्याआधीच वसतिगृहाचा विषय काढावा. बचत गटानं बालसंगोपनाचा एखादा अर्ज भरून द्यावा. आठवड्यातून एखादी संध्याकाळ तिच्या ओट्यावर बसावं, नातीच्या शाळेची चौकशी करावी. साय आपोआप धरत नाही, बायांनो. दूध मंद आचेवर कुणीतरी राखत बसलेलं असतं.