पाचवा प्रश्न

भाचीने फोनवर एक चाचणी पाठवली. आठ प्रश्नांची उत्तरे द्या आणि मराठी साहित्यातली कोणती व्यक्तिरेखा तुमच्यात आहे ते जाणून घ्या. तिला स्वतःला चितळे मास्तर मिळाले होते, ती खुशीत होती. दहा मिनिटांनी तिचा फोन आला, "मामा, तुम्ही काय निघाले?" मी सांगितले नाही. मी 'वाडा चिरेबंदी'तला भास्कर निघालो होतो. खाली तीन ओळींचे वर्णन होते. त्याचा मथितार्थ इतकाच की घराच्या नावाखाली आपलेच चालवणारा, हिशेबी, मोठेपणाला चिकटलेला माणूस.

मला ते लागले. चाचणी कोणीतरी फावल्या वेळात रचलेली असणार हे कळत होते, तरीही लागले. एक तर मी घरातला थोरला. दुसरे म्हणजे हे नाटक आमच्याकडे नुसते गाजलेले नाटक नाही. महेश एलकुंचवार यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचे, आणि त्यांचे लेखनाचे आयुष्य आमच्या नागपुरात गेले. १९८५ साली विजया मेहतांनी ते नाटक रंगमंचावर आणले, तेव्हा महालात, धंतोलीत, धरमपेठेत राहणाऱ्या कितीतरी घरांना धरणगावच्या देशपांड्यांचा तो वाडा ओळखीचा वाटला. कुणाचा आर्वीकडे, कुणाचा दारव्ह्याकडे तसाच एक वाडा पडत होता, आणि तो कोणी सांभाळायचा यावरून भावाभावांत बोलणे बंद होते. अशा शहरात कोणी 'तुम्ही भास्कर' म्हटले, की ते चितळे मास्तर किंवा अंतू बर्वा म्हटल्यासारखे हवेवर जात नाही.

गोड निकालांचे आपण काय करतो? विश्वास ठेवतो. १९४८ साली अमेरिकेत बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचे म्हणून एक वर्णन हातात दिले. ते किती जुळते यासाठी पाचपैकी गुण द्यायचे होते. सरासरी ४.२६ आली. वर्णन सगळ्यांना एकच दिलेले होते, आणि त्यातली बरीच वाक्ये भविष्याच्या एका स्वस्त पुस्तकातून उचललेली होती. आपल्याविषयी बरे बोलणारे वाक्य आपल्यालाच उद्देशून आहे असे माणसाला फार पटकन पटते. शंका येते ती वाईट बोलल्यावर. मलाही चाचणीतले दोष दिसू लागले ते भास्कर निघाल्यानंतर. चितळे मास्तर निघालो असतो तर एकही दोष दिसला नसता. म्हणून आवडत्या निकालापेक्षा न आवडलेल्या निकालापाशी थोडे थांबावे असे मला मनापासून वाटते.

दोष दाखवून माणसाला असे थांबवण्याची रीत आपल्या भाषेत जुनी आहे. दासबोधाचा दुसरा दशक समर्थांनी मूर्खलक्षणांनी सुरू केला आणि पढतमूर्खावर संपवला. ऐकणाऱ्याने त्या लांबलचक यादीत कुठेतरी स्वतःला ओळखावे, चरकावे, हीच त्यामागची योजना. त्याही आधी, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात, ग्रीसमध्ये थिओफ्रास्टसने माणसांचे तीस नमुने लिहून ठेवले. तिसाच्या तीस अवगुणांचे. फरक एवढाच की समर्थांनी लक्षणे सांगितली ती टाकून देण्यासाठी, आणि मूर्खलक्षणांच्या मागोमागच उत्तमलक्षणांचा समास ठेवला. ऐकणाऱ्याला तिथून पुढे चालायला वाट होती. फोनवरची चाचणी शिक्का मारते आणि तो शिक्का दुसऱ्याला पाठवायचे बटण दाखवते.

माझे खरे भांडण मात्र वेगळेच आहे. त्या रात्री मी नाटकाचे पुस्तक काढून पुन्हा वाचले, आणि माझ्याआधी अन्याय भास्करवर झाला आहे हे लक्षात आले. वडील गेलेले, शेती हातातून सुटत चाललेली, अंगणात ट्रॅक्टर गंजत पडलेला. तेराव्याचा खर्च झेपणार नाही हे त्याला कळते. देशपांड्यांच्या घराण्याचे नाव मात्र त्याला सोडवत नाही. दागिने तो आपल्याकडे ठेवतो हे खरे. पण मुंबईहून आलेल्या भावासमोर उभे राहताना इतकी वर्षे मागे राहिलेल्या माणसाची जी चिडचिड त्याच्यात आहे, तीही तितकीच खरी. एलकुंचवार त्याला सोडत नाहीत आणि त्याच्यावर निकालही देत नाहीत. तीन ओळींत मावणारा भास्कर त्यांनी लिहिलेलाच नाही. व्यक्तिरेखा पुस्तकातून कापून काढली की तिचे जगणे मागे राहते आणि हाती फक्त दुर्गुण उरतो. साहित्याच्या नावाने होणारी ही कापाकापी मला खुपते. वाचायला शिकणाऱ्या मुलांपर्यंत भास्कर असा पोचणार असेल, तर ती मुले ते नाटक उघडतील तरी कशाला?

वाचता वाचता मी चंदूपाशी अडकलो. घरातला धाकटा, बिनलग्नाचा, दुखऱ्या पायाने दिवसभर राबणारा, ज्याला कोणी काही विचारत नाही. आणि प्रभा, जिला शिकायचे होते आणि शिकू दिले गेले नाही. चाचणीच्या निकालांची यादी मी पुन्हा उघडून पाहिली. त्यात चंदू नव्हता. प्रभाही नव्हती. कोणाला व्हावेसे वाटेल किंवा कोणाचा राग येईल अशीच माणसे तिथे निवडलेली होती. जी नुसती घर चालवतात त्यांना तिथेही जागा नव्हती.

पाचवा प्रश्न होता, 'घरातल्या अडचणीच्या काळात सगळे कोण सांभाळते?' पर्याय चार होते. विचार न करता मी पहिल्यावर बोट ठेवले होते: मीच. आमचे बाबा आजारी होते तेव्हा दवाखान्याची बिले मी भरली, बँकेची कामे मी केली, नातेवाइकांचे फोन मी घेतले. ते खोटे नाही. पण अकरा आठवडे रात्री त्यांच्या उशाशी बसली होती ती माझी बहीण, या भाचीची आई. सकाळी ती घरी जायची, डबे करायची आणि शाळेत शिकवायला उभी राहायची. बाबांना कूस बदलून द्यायला मी एकदाही रात्री थांबलो नाही, आणि हे माझ्या कधी ध्यानातही आले नव्हते. उत्तर देताना तिचे नाव मनात आलेच नाही.

रविवारी मी तिला फोन केला आणि तो पाचवा प्रश्न, पर्यायांसकट, वाचून दाखवला. मग मी काय उत्तर दिले होते तेही सांगितले. पलीकडे बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला. मग तिने नळ बंद केला.

"दादा," ती म्हणाली, "बाबांना रात्री भीती वाटायची. ते तुला कोणी सांगितलंच नाही ना?"